फुटलेले घडे आणि सोन्याचे एफोद

मंडळीच्या वर्धापनदिनाला, पाळकांच्या निरोपसमारंभाला किंवा एखाद्या मिशन संस्थेच्या सुवर्णमहोत्सवाला एक वाक्य हमखास ऐकू येते: "मी काहीच केले नाही, सगळे प्रभूने केले, मी फक्त निमित्त." वाक्य खोटे नसते. बोलणाऱ्याचा हेतूही बहुधा शुद्ध असतो. तरी त्याच मांडवात जिचे अनावरण होते, ती कोनशिला प्रभूच्या नावाची नसते. देवाच्या सामर्थ्यावर विसंबून सेवा करणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न त्या वाक्याच्या आणि त्या कोनशिलेच्या मधल्या जागेत उभा असतो.

पवित्र शास्त्रात या मधल्या जागेची सर्वांत बारकाईने पाहणी करणारी कथा, माझ्या मते, गिदोनाची. जुन्या करारातल्या 'शास्ते' या पुस्तकाच्या सहाव्या, सातव्या आणि आठव्या अध्यायांत ती आली आहे. शब्बाथशाळेत वाढलेल्या प्रत्येकाने ती ऐकलेली असते: ३०० माणसे, घडे, मशाली, कर्णे आणि एका रात्रीत मिळालेला विजय. बहुतेक शिक्षक गोष्ट तिथे थांबवतात. कथाकार थांबत नाही. त्याला विजयानंतरच्या गिदोनाबद्दल बरेच काही सांगायचे आहे. तीनही अध्याय सलग वाचले की ध्यानात येते, की सातव्या अध्यायातली प्रसिद्ध रात्र हा कथेचा शिखरबिंदू असला, तरी तिचे मर्म आठव्या अध्यायापर्यंत गेल्याशिवाय हाती लागत नाही.

कथेचा पहिला प्रसंगच विसंगतीवर उभा आहे. सात वर्षे मिद्यानी, अमालेकी आणि पूर्वेकडच्या टोळ्या उंट घेऊन येत आहेत. इस्राएलाने पेरायचे आणि त्यांनी उभे पीक फस्त करायचे, असा शिरस्ताच पडला आहे. लोक डोंगरांतल्या गुहा-कपारींत राहू लागले आहेत. अशा काळात अफ्रा गावात योवाशाचा मुलगा गिदोन गहू झोडपतो आहे. मात्र खळ्यावर नाही, द्राक्षकुंडात. शेताशी नाते असलेल्या मराठी वाचकाला यातले केविलवाणेपण लगेच कळते. खळे उघड्यावर, वारा खेळेल अशा जागी करतात, कारण वाऱ्याशिवाय उफणणी होत नाही. द्राक्षकुंड म्हणजे द्राक्षे तुडवण्यासाठी खडकात खोदलेला खड्डा. तिथे वारा नाही, बैल फिरवायला जागा नाही. कोणाच्या नजरेला पडत नाही, एवढाच काय तो फायदा. गिदोन भ्यालेला होता असे कथाकार इथे लिहीत नाही. तो जागा सांगतो आणि पुढे जातो.

आणि खड्ड्यात लपून गहू झोडपणाऱ्या या माणसाला देवदूत शूर वीर म्हणून हाक मारतो. परमेश्वर तुझ्याबरोबर आहे, असे सांगतो. वाचणाऱ्याला हसू येते. गिदोनाला येत नाही. त्याचे उत्तर तक्रारीचे आहे: परमेश्वर आमच्याबरोबर असता तर आमच्यावर ही पाळी का आली? वाडवडिलांनी सांगितलेले ते चमत्कार कुठे गेले? एकट्याला दिलेल्या आश्वासनाला तो साऱ्या लोकांचे गाऱ्हाणे मांडून उत्तर देतो. त्यावर परमेश्वर त्याच्याकडे वळतो आणि, तुझ्याजवळ आहे त्याच बळावर जा, असे सांगतो. कुठले बळ? आतापर्यंत त्याच्याजवळ दिसले आहे ते एवढेच, एक लपण्याची जागा आणि एक बोचरा प्रश्न. पण त्याच दमात पुढची गोष्ट येते: पाठवणारा मी आहे. बळाचा पत्ता तिथे आहे.

गिदोन आणखी एक सबब पुढे करतो. मनश्शेच्या वंशात आपले कूळ सर्वांत दुबळे, आणि घरात आपण सर्वांत लहान. अशा वेळी आपण सेवेत येऊ पाहणाऱ्या तरुणाला धीर देतो: "छे, छे, तुझ्यात खूप गुण आहेत, तुलाच ते माहीत नाहीत." परमेश्वर असे काहीही म्हणत नाही. गिदोनाने स्वतःचे जे माप काढले, ते तो खोडत नाही आणि त्यावर वेळही घालवत नाही. मी तुझ्याबरोबर असेन, एवढेच त्याचे म्हणणे. विचारणा लायकीची होती; उत्तर सोबतीचे मिळाले. सेवेचे पाचारण या एका ओळीच्या अंतरात सामावले आहे.

इथून पुढे कथाकार गिदोनाच्या भीतीचा मागोवा घेतो, आणि ते काम तो विलक्षण ममतेने करतो. पहिली कामगिरी घरातली आहे: बापाची बआलवेदी पाडायची, तिच्याजवळचा अशेरास्तंभ तोडायचा आणि त्याच लाकडावर बैलाचे अर्पण करायचे. गिदोन ते करतो, पण दहा चाकर घेऊन आणि रात्री, कारण घरच्यांची आणि गावकऱ्यांची त्याला धास्ती आहे. देव या अंधाराबद्दल त्याला बोल लावत नाही. पुढे सैन्य जमा झाल्यावरही तो लोकरीचे कातडे खळ्यावर ठेवून खूण मागतो: कातडे दवाने भिजावे, भुई कोरडी राहावी. सकाळी कातडे पिळून वाटीभर पाणी निघते. तरी त्याचे समाधान होत नाही. दुसऱ्या रात्री तो उलटी खूण मागतो आणि तीही मिळते. लढाईच्या ऐन रात्री तर परमेश्वर स्वतःच भीतीचा विषय काढतो: एकट्याने शत्रूच्या तळाकडे जायला भीत असशील तर पुरा या चाकराला बरोबर ने. आता सवलत मागावीही लागत नाही.

गिदोन अर्थातच पुराला घेऊन जातो. तिथे त्याला दोन मिद्यान्यांचे बोलणे ऐकू येते. एकाला स्वप्न पडले आहे: जवाची एक भाकर गडगडत तळात आली, तंबूवर आदळली आणि तंबू उलटापालटा होऊन भुईसपाट झाला. गहू लपवणाऱ्या माणसाच्या कथेत हे स्वप्न गव्हाच्या पोळीचे नाही. जव हे गरिबाचे धान्य. भाकरीने तंबू पाडला यातली गंमत सांगणाऱ्याला कळत नसेल, ऐकणाऱ्या मित्राला मात्र तिचा अर्थ ताबडतोब लागतो: ही गिदोनाची तलवार. साक्षात देवाने सांगून जे मनाला पटले नव्हते, ते शत्रूच्या तंबूतल्या कुजबुजीने पटते. गिदोन तिथेच नमन करतो. या क्षणानंतर त्याला पुन्हा खूण मागावी लागत नाही, आणि भीतीही पुन्हा शिवत नाही. वाचक इथे सुटकेचा श्वास सोडतो. कथाकार सोडत नाही, हे पुढे दिसेल.

या भीतीच्या धाग्याला आडवा जाणारा दुसरा धागा आहे वजाबाकीचा. गिदोनाच्या हाकेला ३२,००० माणसे येतात. तळ पडतो हरोदाच्या झऱ्यापाशी. गिलबोवा डोंगराच्या पायथ्याचा म्हणून दाखवला जाणारा हा झरा आजच्या उत्तर इस्राएलात आहे. समोर मोरे टेकडीजवळच्या खोऱ्यात मिद्यानी पसरले आहेत. अशा ठिकाणी कोणत्याही सेनापतीला माणसे कमी वाटतील. परमेश्वराला ती जास्त वाटतात. कारण तो स्वतःच सांगतो: इस्राएल उद्या फुशारकी मारेल, की आमच्याच हाताने आम्ही तरलो. युद्धनीतीशी याचा संबंध नाही. विजयाचे श्रेय कोणाच्या खात्यावर पडणार, याची ही काळजी आहे.

ज्याला भीती वाटते त्याने घरी जावे, अशी पहिली चाळणी. २२,००० निघून जातात. त्यांना कोणी भेकड म्हणत नाही. घाबरलेल्याला घरी जाऊ द्यावे, ही मुभा अनुवादाच्या पुस्तकातल्या नियमशास्त्रातच आहे. उरलेल्या १०,००० मधून पाणी पिण्याच्या पद्धतीवरून ३०० निवडले जातात. हात तोंडाशी नेऊन कुत्र्यासारखे चाटून पिणारे ठेवायचे, गुडघे टेकून पिणारे परत पाठवायचे. या ३०० जणांच्या सावधपणाची स्तुती अनेक प्रवचनांत ऐकायला मिळते: पाणी पितानाही त्यांची नजर शत्रूवर होती, म्हणून ते निवडले गेले. मूळ मजकुरात असे कारण दिलेले नाही. पहिल्या शतकातल्या जोसेफस या यहुदी इतिहासकाराने तर नेमका उलटा अर्थ लावला. त्याच्या मते घाईघाईने, भीत भीत पाणी प्यायले ते हे ३००. दोन्ही अर्थ मजकुराबाहेरचे आहेत, पण कथेच्या जातीला जोसेफसचा अर्थ अधिक जवळचा वाटतो. ते ३०० निवडक कसलेले योद्धे ठरले, तर फुशारकीची वाट मागच्या दाराने पुन्हा उघडते.

इथे कथाकाराची एक सूक्ष्म कारागिरी पाहण्यासारखी आहे. इस्राएलाची संख्या तो प्रत्येक पायरीला मोजून सांगतो: ३२,०००, १०,०००, ३००. शत्रूची मात्र तो सांगतच नाही. टोळधाडीसारखे लोक, समुद्रकाठच्या वाळूसारखे उंट, एवढेच. आपले बळ मोजके आणि समोरचे संकट बेहिशेबी, हे घाबरलेल्या माणसाचे गणित असते. वाचकालाही तो त्याच मनःस्थितीत ठेवतो. सगळे संपत आल्यावर, आठव्या अध्यायात, सहज सांगावे तसे आकडे येतात: १,२०,००० पडले होते आणि १५,००० उरले होते. आता मागे जाऊन ताळा करता येतो. ३२,००० असते तर एकास चार असा सामना होता. अवघड खरा, पण असे सामने माणसांनी जिंकलेले आहेत, आणि जिंकल्यावर त्यांचे पोवाडे झाले आहेत. ३०० उरले तेव्हा प्रमाण एकास साडेचारशे झाले. इथे पोवाड्याला नायकच उरत नाही.

देव भक्ताच्या कामाला हात लावतो, ही कल्पना मराठी मनाला नवी नाही. जनाबाईबरोबर विठ्ठल जात्यावर बसतो, तिच्या गोवऱ्या वेचतो. तिथे देव आपला हात भक्ताच्या हाताला जोडतो आणि कामाचा भार हलका करतो. गिदोनाच्या कथेत देव आधी ३१,७०० माणसांचे हात काढून घेतो आणि भार होता त्याहून जड करतो. ही कृपेची अनोळखी, काहीशी धाक वाटावा अशी रीत आहे. सेवेत मनुष्यबळ घटते, देणगीदार पाठ फिरवतात, प्रकृती साथ देत नाही, तेव्हा आपण ते काम थांबण्याचे लक्षण समजतो. प्रत्येक घट देवाने घडवलेली असते असे ही कथा म्हणत नाही. तसे म्हणणे म्हणजे स्वतःच्या गलथानपणाला देवाचे नाव देणे होईल. पण घट झाली म्हणजे देवाने हात काढला, हा निष्कर्ष मात्र ती मोडीत काढते.

देवावर विसंबणे म्हणजे डोके बाजूला ठेवणे, असाही गैरसमज ही कथा टिकू देत नाही. हल्ल्याची योजना परमेश्वराच्या तोंडी घातलेली नाही; ती गिदोनाची म्हणून येते आणि चांगली चोख आहे. माणसांच्या तीन टोळ्या, तीन दिशा. वेळ मधल्या प्रहराच्या आरंभीची, नुकताच पहारा बदलला आहे तेव्हाची. प्रत्येकाच्या हाती कर्णा आणि रिकामा घडा, घड्याच्या आत मशाल. अंधारात ३०० कर्णे एकदम वाजले, तर प्रत्येक कर्ण्यामागे एक तुकडी आहे, असाच झोपेतून उठलेल्याचा समज होणार. बुद्धी पूर्ण वापरली आहे. फक्त विजयाची हमी तिच्यावर टाकलेली नाही.

त्या रात्रीचे चित्र शब्दाशब्दाने पाहिले तर आणखी एक गोष्ट नजरेत भरते. घडे फुटले, डाव्या हातात मशाल, उजव्या हातात कर्णा. मग तलवारीला हात उरतो कुठला? आरोळीत तलवार आहे, हातात नाही. हातातल्या तलवारी मिद्यान्यांच्या, आणि परमेश्वर त्या एकमेकांवर चालवायला लावतो. ३०० जण आपापल्या जागी नुसते उभे आहेत. लढाईच्या वर्णनात लढणाऱ्यांना उभे ठेवण्याचे धाडस करणारा हा कथाकार जगातल्या थोर कथाकारांत गणायला हवा.

पण आरोळीकडे पुन्हा पाहू. तिच्यात दोन नावे आहेत: आधी परमेश्वराचे, लगेच मागे गिदोनाचे. ही घोषणा गिदोनानेच शिकवलेली आहे. त्या रात्री ती खटकत नाही. शत्रूच्या स्वप्नातही त्याचेच नाव आले होते, आणि ऐकलेले नाव घाबरलेल्याला आणखी घाबरवते. युक्ती म्हणून ती योग्यच. तरीही, ज्या विजयाचे श्रेय माणसाकडे जाऊ नये म्हणून एवढी खटपट झाली, त्या विजयाच्या घोषणेतच एका माणसाने जागा मिळवली आहे. कथाकार यावर एक अक्षर बोलत नाही. त्याने बी टाकले आहे.

ते आठव्या अध्यायात उगवते. पहिली खूण म्हणजे शांतता. सहाव्या आणि सातव्या अध्यायात परमेश्वर गिदोनाशी पुन्हा पुन्हा बोलतो. त्याचे शेवटचे बोलणे आहे ते तळाकडे जाण्याविषयीचे, पुराला बरोबर नेण्याविषयीचे. त्यानंतर आठवा अध्याय संपेपर्यंत देव गिदोनाला काहीच सांगत नाही, आणि गिदोनही काही विचारत नाही. खुणांमागून खुणा मागणारा माणूस आता थेट निर्णय घेतो. परमेश्वराचे नाव त्याच्या तोंडी आहे, संवाद नाही.

एफ्राईमचे लोक मानपान न राखल्याबद्दल भांडायला येतात, तेव्हा गिदोन गोड बोलून त्यांची समजूत घालतो: तुमचा सरवाही आमच्या कुळाच्या सुगीहून सरस. एफ्राईम मोठा, बलाढ्य वंश होता. पुढे यार्देन ओलांडून थकलेल्या ३०० जणांसाठी तो सुक्कोथ या लहान गावाकडे भाकरी मागतो. गावकरी नकार देतात. हरलेले मिद्यानी राजे अजून मोकळे फिरत असताना उघड बाजू घ्यायला ते धजत नसावेत. त्यांना भीती वाटते. भीती म्हणजे काय, हे गिदोनाहून जास्त कोणाला ठाऊक असणार? पण परत येऊन तो रानातल्या काट्यांनी त्या गावाच्या वडिलांच्या अंगाची मळणी करतो. खड्ड्यात लपून गहू झोडपणारा माणूस आता माणसे झोडपतो आहे. तसाच नकार देणाऱ्या पनुएलात तो बुरूज पाडतो आणि गावातली माणसे मारतो. ज्या भाकरीच्या स्वप्नाने त्याला उभे केले, ती भाकर न दिल्याचा हा सूड. बलवानांपुढे नम्र आणि दुबळ्यांपुढे कठोर: सेवकाचे सामर्थ्य आता कोणाचे आहे, हे ओळखायला कथाकाराने दिलेली ही कसोटी कोणत्याही संस्थेत लावून पाहावी.

मग सर्वांत वेधक प्रसंग. पकडलेल्या दोन राजांनी ताबोरावर गिदोनाच्या सख्ख्या भावांना मारले होते, हे उघड होते. मिद्यानाची लढाई एकाएकी घरची होते. गिदोन आपल्या थोरल्या मुलाला, येथेराला, त्यांना ठार मारायला सांगतो. मुलगा तलवार उपसत नाही. तो अजून पोर आहे, त्याला भीती वाटते. गिदोनाच्या कथेत भीतीचा हा शेवटचा उल्लेख. हरोदाच्या झऱ्यावर परमेश्वराने घाबरलेल्या २२,००० जणांना निमूट घरी जाऊ दिले होते. गिदोन घाबरलेल्या पोटच्या पोराला, राजांच्या आणि लोकांच्या देखत, माणसे मारायला पुढे करतो. ज्याच्या भीतीला देवाने इतका वेळ दिला, त्याच्याजवळ दुसऱ्याच्या भीतीसाठी वेळ नाही. स्वतःच्या दुबळेपणाची आठवण पुसली गेली, की दुसऱ्याच्या दुबळेपणाची कीवही जाते. हे सूत्र कथाकार सूत्र म्हणून सांगत नाही. बाप आणि मुलगा समोरासमोर उभे करतो.

आणि आता ते समारंभातले वाक्य येते. लोक गिदोनाला म्हणतात, तू आमच्यावर राज्य कर, तुझ्यामागून तुझ्या मुलाने आणि नातवाने करावे. गिदोन नकार देतो: मी राज्य करणार नाही, माझा मुलगाही नाही, तुमच्यावर परमेश्वर राज्य करील. तत्त्व म्हणून यात काना-मात्रेची चूक नाही. पण पुढच्याच वाक्यात तो लुटीतली कर्णभूषणे मागतो. लोक आनंदाने वस्त्र पसरून ती टाकतात. सोने भरते १,७०० शेकेल, आजच्या मापाने अंदाजे १९ ते २० किलो. त्यातून तो एफोद करतो. एफोद म्हणजे खरे तर देवाचा कौल घेण्याशी निगडित असलेले याजकाचे वस्त्र. गिदोन याजक नाही. ते तो आपल्या गावी, अफ्रात ठेवतो. सारे इस्राएल तिकडे लोटते आणि त्याच्या नादी लागते. गिदोनाला आणि त्याच्या घराण्याला ते पाश होते, असा स्पष्ट शेरा कथाकार मारतो. एवढा वेळ मिटलेले तोंड त्याने इथे उघडले आहे.

अफ्राचा नकाशा डोळ्यांपुढे आणला तर कथेची बांधणी पूर्ण दिसते. याच गावात देवदूत आला. याच गावात गिदोनाने आपल्या भेटीची आठवण म्हणून परमेश्वराची वेदी बांधली आणि तिला शांतीवरून नाव दिले. ती अजून तिथे आहे, असे कथाकार मुद्दाम नोंदवतो. याच गावात त्याने बापाची बआलवेदी पाडली. आणि याच गावात शेवटी एफोद. गावात दोन स्मारके झाली: एक त्याच्या भीतीच्या दिवसांतले, देवाने दिलेल्या धीराचे; दुसरे त्याच्या विजयाचे. लोक दुसऱ्याकडे गेले. पुढचा अध्याय तर काळाकुट्ट आहे: ७० मुलगे, आणि शखेमातल्या उपपत्नीचा मुलगा अबीमलेख त्यांना एकाच दगडावर कापतो, धाकटा योथाम तेवढा वाचतो. नाकारलेले राज्य दाराशी रक्त मागायला परत आले.

महाराष्ट्राच्या ख्रिस्ती इतिहासात अशा वजाबाकीची सर्वांत ठळक नोंद पंडिता रमाबाईंच्या कामात सापडते. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेले त्यांचे मुलींसाठीचे शारदा सदन पुढच्या वर्षी पुण्याला गेले. १८९३ मध्ये धर्मांतराच्या प्रश्नावरून वादळ उठले. रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनने दिलेल्या दहा वर्षांच्या मदतीच्या वचनाची मुदत १८९८ मध्ये संपत आली. मित्र पुढेही राहिले, पण बांधलेली हमी गेली. नेमक्या याच सुमारास, १८९६-९७ च्या दुष्काळात, मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींनी रमाबाईंचे केडगावचे आश्रयस्थान भरू लागले. रमाबाईंनी आपल्या साक्षीत सांगितले आहे, की ब्रिस्टलचे जॉर्ज म्यूलर, हडसन टेलर यांचे चीनमधले मिशन आणि जॉन पॅटन यांच्याविषयी वाचून त्यांना प्रश्न पडला होता: हिंदुस्थानातही देवावर असा भरवसा टाकता येईल का? केडगाव हे त्या प्रश्नाचे उत्तर. त्या उत्तरात विहिरी आहेत, शेती आहे, छापखाना आहे; गिदोनाच्या तीन टोळ्यांसारखी चोख आखणी आहे. आणि कीर्तीच्या शिखरावर असताना या संस्कृत पंडितेने हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बाईलाही वाचता यावे अशा मराठीत बायबल उतरवायला घेतले. १९२२ मध्ये त्या गेल्या. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. यशानंतरच्या वर्षांचे सोने कशात ओतायचे, याचे हे दुसरे उत्तर.

नव्या करारात गिदोनाच्या आठव्या अध्यायाला जणू जाब देणारा एक उतारा आहे. करिंथकरांस दुसरे पत्र लिहिताना पौल सेवकांना मातीची भांडी म्हणतो. आत ठेवा आहे, पण भांडे मातीचे, म्हणजे सामर्थ्य देवाचे हे कळावे. त्याने गिदोनाचे नाव घेतलेले नाही, तरी अंधारात उजळणाऱ्या प्रकाशाविषयी बोलून लगेच मातीच्या भांड्यांकडे वळणाऱ्या त्या ओळी वाचताना ३०० घडे आठवल्यावाचून राहत नाहीत. मात्र गिदोनाचे घडे एका रात्रीत फुटून संपले. पौलाची गोष्ट याच पत्राच्या बाराव्या अध्यायात पुढे सरकते. त्याला थोर प्रकटीकरणे झाली, आणि त्यामुळे त्याने चढून जाऊ नये म्हणून देहात एक काटा देण्यात आला. तो काढावा म्हणून त्याने तीनदा विनवले. काटा निघाला नाही. कृपा पुरेल, असे सांगण्यात आले.

दोघांची प्रकरणे शेजारी ठेवली की फरक लख्ख दिसतो. गिदोनाने मागितलेली प्रत्येक खूण त्याला मिळाली. पौलाची विनंती नाकारली गेली. गिदोनाला युद्धाआधी कमी करण्यात आले. पौलाला यशानंतर कमी ठेवण्यात आले. गिदोनाची दुर्बलता ही परिस्थिती होती, आणि परिस्थिती पालटताच ती संपली. पौलाची दुर्बलता मुक्कामाला आली. त्याच्या अंगातला तो काटा म्हणजे आठव्या अध्यायातल्या गिदोनाजवळ जे नव्हते, ते.

हे सगळे वाचून गिदोनाला मोडीत काढणे सोपे आहे, पण शास्त्र तसे करू देत नाही. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात विश्वासाच्या माणसांची जी यादी आहे, तिच्यात त्याचे नाव आहे, आणि त्या यादीतल्या काहींबद्दल तिथे असेही म्हटले आहे, की ते दुर्बल असताना सबळ झाले. एफोदाचा तिथे उल्लेख नाही. देवाच्या हिशेबात त्या रात्रीचा भरवसा खराच धरला गेला. म्हणून ही कथा ढोंगी माणसाची नव्हे. खऱ्या विश्वासाने सुरू झालेली सेवा विश्वासाचीच भाषा बोलत बोलत स्वतःभोवती कशी फिरू लागते, याची ही कथा आहे. आणि ते कोणाच्याही बाबतीत घडू शकते, हे तिचे खरे दुखणे.

कथाकाराची थोरवी यात, की त्याने सेवकाला भीतीबद्दल एकदाही दोष दिला नाही. दोष आला तो भीती सरल्यानंतर. आपल्याकडे मात्र उलटे चालते: काम हाती घेताना उपवास-प्रार्थना, रात्रभर जागरण, हात ठेवून आशीर्वाद, आणि काम फळाला आले की सत्काराची तयारी. गिदोनाचे तीन अध्याय नीट वाचले तर प्रार्थनासभेची तारीख बदलावी लागेल. इमारत पुरी झाल्यावर, अहवालातले आकडे वाढल्यावर, आपले शब्द लोक ऐकू लागल्यावर ती घ्यायला हवी. कारण सेवकाला देवाची गरज सर्वांत जास्त असते ती तेव्हा, आणि ती सर्वांत कमी जाणवते तीही तेव्हाच.